थांब म्हणणारा सुगंध

आपल्या मंडळाच्या यंदाच्या अंकासाठी 'सुगंध' हा विषय ठरला, तेव्हा पाचच मिनिटांत पारिजातक, पहिला पाऊस, आजीच्या पेटीतली साडी आणि जुन्या पुस्तकांची पानं वाटून झाली. माझ्या वाट्याला काहीच उरलं नाही. मी म्हटलं, "मी बटाट्यावर लिहिते." सगळे हसले. बटाट्याला कसला आलाय सुगंध?

सुगंध बटाट्याचा नाही, बटाट्याला दिलेला. आपण वास घेतो आणि 'वा!' म्हणतो, पण तोच वास एखाद्या बीला किंवा कोंबाला 'थांब' असं सांगत असतो. पुदिना, लवंग, नीलगिरी, गवती चहा या सगळ्यांच्या तेलांत ही ताकद आहे. मी साहित्याची विद्यार्थिनी, विज्ञान दहावीनंतर सुटलं. तरी या विषयामागे लागले, त्याला एक कारण घडलं.

काकांचा ढीग

माझी एक वर्गमैत्रीण महूजवळच्या गावची. तिच्या घरी चार पिढ्यांपासून मराठी बोलतात, पण बोलण्यात 'आलू' आणि 'भाव' आले की ती मराठी एकदम माळव्याची होते. गेल्या मार्चमध्ये एका रविवारी मिस्सा आटोपून मी तिच्याकडे गेले होते. अंगणात झाडाच्या सावलीत बटाट्याचा छातीएवढा उंच ढीग, त्यावर गवत आणि पोती. तिचे वडील, म्हणजे काका, एका बाजूचं गवत उचलून आत हात घालून बघत होते, जसं आई ताप बघते तसं.

"बेटा, आलू वाट बघत नाही," काका म्हणाले. "भाव वाट बघायला लावतो, आणि आलू बघत नाही."

या एका वाक्यात माळव्याच्या बटाट्याची सगळी अडचण आहे. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागवड होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो, म्हणजे तेव्हा भाव पडलेला. महिना-दोन महिने थांबलं तर भाव चढतो. पण ताजा बटाटा साधारण दीड-दोन महिनेच झोपतो, त्याला सुप्तावस्था म्हणतात. मग ऊन वाढतं, त्याचे 'डोळे' जागे होतात आणि कोंब येतात. कोंब आला की बटाटा सुरकुततो, वजन घटतं, आणि कोंबात व हिरव्या पडलेल्या सालीत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात.

मग शीतगृहात का ठेवत नाहीत? ठेवतात. पण माळव्याचा बराचसा बटाटा वेफर्स-चिप्ससाठी जातो. 'कुफरी लवकर', 'कुफरी ज्योती', 'चिप्सोना' ही नावं काकांच्या तोंडी असतात. (कुफरी हे शिमल्याजवळचं ठिकाण. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था शिमल्याला आहे, म्हणून जातींना ते नाव.) बटाटा २ ते ४ अंश सेल्सियसला ठेवला तर कोंब येत नाहीत, पण त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. अशा बटाट्याचे वेफर्स तळले की ते काळपट आणि कडवट होतात. म्हणून चिप्सचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवतात, आणि तेवढ्या उबेत कोंब येऊ नयेत म्हणून खोलीत एका रसायनाचं धुकं सोडतात. त्याचं नाव क्लोरप्रोफॅम, बोलीभाषेत सीआयपीसी. ते कोंबातलं पेशींचं विभाजन अडवतं.

इथे काकांची जखम आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी पुढच्या हंगामाचं बियाणं, म्हणजे लावायचे बटाटे, एका शीतगृहात ठेवले. ऑक्टोबरमध्ये लावले. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. वाफ्यांत निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. उकरून पाहिलं तर बटाटे तसेच, टणक, डोळे मिटलेले. मागाहून कळलं की त्यांची पोती आधी चिप्सचा माल ठेवलेल्या खोलीत ठेवली होती. त्या रसायनाचा अंश भिंतींना, क्रेटना धरून राहतो, आणि बियाण्याला तो लागला तर उगवण बिघडते. काकांना नुकसानभरपाई कोणी दिली नाही. त्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या भावाचं इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष राहून गेलं.

"थांबवायचं असेल तर असं थांबवा की परत सुरू करता येईल," काका म्हणाले. "ही काय पद्धत?"

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आले.

तेल म्हणजे कुठलं तेल?

आधी एक गोंधळ दूर करते. इथे तेल म्हणजे फोडणीचं नव्हे. एका कागदावर तिळाच्या तेलाचा थेंब टाका आणि दुसऱ्यावर नीलगिरीच्या तेलाचा. तासा-दोन तासांनी बघा. तिळाचा डाग तिथेच असतो, नीलगिरीचा जवळजवळ उडून गेलेला असतो. या उडून जाणाऱ्या तेलांना उडनशील किंवा सुगंधी तेलं म्हणतात. पाला, फूल, साल किंवा बी पाण्याच्या वाफेवर धरून ती काढतात.

झाड ही तेलं बारीक ग्रंथींत साठवतं. नीलगिरीचं पान उजेडात धरलं तर त्यात टाचणीने टोचल्यासारखे ठिपके दिसतात, त्या याच ग्रंथी. एका तेलात अनेक द्रव्यं असतात, पण बहुतेक वेळा एखादंच मुख्य. नीलगिरीत सिनिओल, लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, गवती चहात सिट्राल. किडींना पळवणं, बुरशी रोखणं, जनावरांना तोंड लावू न देणं ही त्यांची कामं. आणि आणखी एक काम, शेजारच्याला वाढू न देणं. एका झाडाच्या रसायनांचा दुसऱ्या झाडावर जो परिणाम होतो, त्याला ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली 'अ‍ॅलेलोपथी' हे नाव दिलं.

तीन वाट्या

वाचून समाधान होईना, म्हणून मी घरीच करून बघितलं. तुम्हीही करू शकता. खर्च शून्य, फक्त आईची परवानगी लागते.

मी तीन वाट्यांत ओला कापूस ठेवला आणि प्रत्येकीत मोहरीचे २० दाणे पसरले. मोहरीच का, तर ती लवकर उगवते. आणि मोहरीच्या दाण्याचा दाखला आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात इतक्यांदा ऐकलाय की तो दाणा उगवणारच असा माझा पक्का समज होता. पहिल्या वाटीवर नुसतं झाकण. दुसरीच्या झाकणाला आतून कागदाचा तुकडा चिकटवला, त्यावर नीलगिरी तेलाचा एक थेंब. तिसरीत तसाच कागद, पण चार थेंब. तेल दाण्यांना कुठेही लागलं नाही, फक्त वास लागला.

आईने झाकण उचललं आणि नाकाला पदर लावला. "मोहरीला सर्दी झालीये का?"

तिसऱ्या दिवशी पहिल्या वाटीत १८ दाण्यांना मुळं फुटली होती. दुसरीत ११ दाणे उगवले होते, पण मुळं आखूड. तिसरीत एकही नाही. पाचव्या दिवशी मी दोन्ही कागद काढून टाकले, कापूस बदलला आणि वाट्या उघड्या ठेवल्या. दुसरीतले आणखी पाच दाणे दोन दिवसांत उगवले. तिसरीत आठवडाभर शांतता, आणि मग चार दाण्यांनी डोकं वर काढलं. बाकीचे मऊ पडून काळे झाले.

तीन वाट्या म्हणजे काही संशोधन नव्हे. पण मला जे कळायचं ते कळलं. एकाच तेलाने काही दाणे नुसते थांबवले आणि काही मारले. फरक होता मात्रेचा आणि वेळेचा.

बीच्या आत काय घडतं?

कोरडी बी मेलेली नसते, तिचा संसार बंद करून ठेवलेला असतो. पाणी मिळालं की ती फुगते, श्वसन जोरात सुरू होतं, साठवलेल्या अन्नाचे तुकडे होतात आणि आधी मूळ बाहेर पडतं. हा सगळा वेळ फार नाजूक. आवरण सैल झालेलं, आतलं यंत्र नुकतंच चालू झालेलं, आणि स्वतःचं अन्न बनवायला अजून हिरवं पानही नाही.

नेमक्या अशा वेळी तेलाची वाफ आत शिरते. तिचे रेणू लहान आणि स्निग्ध असतात, आणि पेशीचं आवरणही स्निग्ध, म्हणून ते सहज आत मिसळतात. आवरण गळकं होतं आणि पेशीतले क्षार बाहेर झिरपू लागतात. काही द्रव्यं श्वसनात अडथळा आणतात, म्हणजे बीला ऊर्जाच मिळत नाही. कापूर आणि सिनिओलसारखी द्रव्यं मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन मंदावतात. सिट्राल तर पेशीच्या आत दोऱ्यांसारख्या ज्या सूक्ष्म नळ्या असतात त्याच मोडतो, आणि त्या नसल्या की पेशीला दोन व्हायला आधार राहत नाही. म्हणून आधी मुळं आखूड पडतात. माझ्या दुसऱ्या वाटीत तेच झालं होतं.

हे ज्ञान तणांवर वापरता येईल का, हा पुढचा प्रश्न. इंदूरमध्ये रिकाम्या प्लॉटवर माजणारी गाजरघास सगळ्यांनी पाहिली आहे. महाराष्ट्रात तिला काँग्रेस गवत म्हणतात, आणि भारतात तिची पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यातच झाली. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या संशोधकांनी नीलगिरीच्या तेलाचा गाजरघासेवर प्रयोग केला, तेव्हा तिची उगवण कमी झाली आणि फवारलेली झाडं कोमेजली. इतर देशांत लवंगेच्या तेलाची तणनाशकं मिळतात. मात्र ती पानं जाळतात, जमिनीतली मुळं जिवंत ठेवतात. कोवळ्या तणाला ठीक, जुन्या तणाला नाही.

आवडलेली गोष्ट खरी असेलच असं नाही

आता आपण साहित्यवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी एक हकिगत.

कॅलिफोर्नियात सुगंधी झुडपांच्या भोवती उघड्या जमिनीचा पट्टा असतो. झुडूप, मग काही फूट नुसती माती, मग गवत. सी. एच. म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली लिहिलं की झुडपाच्या पानांतून कापूर आणि सिनिओलची वाफ निघते आणि ती गवताला उगवू देत नाही. गोष्ट सुरेख होती. विमानातून काढलेल्या फोटोंतही तो पट्टा दिसतो. सगळ्यांना ती पटली.

१९७० साली ब्रूस बार्थोलोम्यू यांनी त्या पट्ट्यात जाळीचे पिंजरे लावले, उंदीर-सशांना आत जाता येऊ नये म्हणून. पिंजऱ्याच्या आत गवत उगवलं. म्हणजे झुडपात लपलेले प्राणी जवळचं गवत आणि बिया खाऊन टाकत होते. वाफेत ताकद नव्हती असं नाही, पण उघड्या जमिनीचं सगळं श्रेय तिला देता येत नव्हतं.

आपल्या कॅम्पसमधल्या नीलगिरीखाली काही उगवत नाही, ते तेलामुळे, असं मीही सगळ्यांना सांगत सुटले होते. पण नीलगिरी पाणीही खूप ओढते, खाली तिच्या कोरड्या पानांचा जाड थर असतो, आणि तिथूनच आपण सगळे कँटीनला जातो. प्रयोगशाळेतली बंद बशी आणि मोकळं मैदान यांत फरक आहे. मैदानात वारा वास नेतो आणि मातीतले जीवाणू तेल फस्त करतात. बंद जागेत मात्र तेलाचं राज्य चालतं. आणि बटाटा तर बंद जागेतच ठेवतात.

पुदिना आणि शेपू

बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथले शेतकरी साठवणीच्या बटाट्यांच्या थरांत 'मुन्या' नावाच्या, पुदिन्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा पाला घालत आले आहेत. त्याने किडे लांब राहतात आणि कोंबही उशिरा येतात. आपल्याकडेही ढिगात कडुनिंबाचा किंवा घाणेरीचा पाला घालतात, पण तो मुख्यतः बटाट्यातल्या अळीसाठी.

यातूनच पुढे कार्व्होन नावाचं द्रव्य महत्त्वाचं ठरलं. पहाडी पुदिन्याच्या तेलात ते भरपूर असतं. शहाजिऱ्यात आणि शेपूच्या बियांतही असतं, म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला देतात त्या बाळंतशेपात. मग पुदिन्याचा आणि शेपूचा वास वेगळा का? कारण दोन्हींतले रेणू उजव्या आणि डाव्या हातासारखे आहेत. बोटं तितकीच, रचना तीच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. आपल्या नाकाला हा फरक कळतो.

हॉलंडमध्ये १९९० च्या दशकात शहाजिऱ्यापासूनचं कार्व्होन बटाट्याच्या कोठारांत वापरात आलं. संशोधकांना त्यात एक मोठी गोष्ट दिसली. वाफ चालू असेपर्यंत कोंब वाढत नाही, आणि वाफ काढून घेतली की बटाटा पुन्हा कोंब धरू शकतो. म्हणजे काकांनी मागितलं होतं नेमकं तेच, परत सुरू करता येईल असं थांबवणं. अर्थात मात्रा जास्त झाली तर कोंबाचं टोक काळं पडून जळतं आणि मग बाजूने नवे कोंब फुटतात. माझी तिसरी वाटी आठवा.

नंतर युरोपीय संघाने २०१९ साली क्लोरप्रोफॅमची परवानगी पुढे न वाढवण्याचं ठरवलं. ते द्रव्य आणि त्याच्या विघटनातून होणारे पदार्थ आरोग्याला धोक्याचे ठरू शकतात, हे कारण. ऑक्टोबर २०२० पर्यंत उरलासुरला वापरही थांबला. तेव्हापासून तिथल्या कोठारांत पुदिन्याचं तेल, संत्र्याच्या सालीचं तेल आणि इथिलीन वायू यांना मागणी वाढली.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी?

इथे थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण 'नैसर्गिक' हा शब्द आपण फार सैल वापरतो. नीलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर जीवावर बेतू शकतं. लवंगेचं शुद्ध तेल कातडी भाजतं. जे तेल तण मारतं, ते चुकीच्या मात्रेत पीकही मारणार. तेलाला तण आणि पीक असा भेद कळत नाही.

नैसर्गिक आणि कृत्रिम यांच्यातली भिंतही वाटते तेवढी जाड नाही. कॅम्पसमध्ये लाल ब्रशसारखी फुलं येणारं बॉटलब्रश आहे ना? १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका रसायनशास्त्रज्ञाला दिसलं की या झाडाखाली तण फार कमी आहे. त्यातून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य सापडलं. त्याची रचना बदलत बदलत मेसोट्रायोन हे तणनाशक तयार झालं, आणि २००१ पासून ते मक्याच्या शेतांत वापरलं जातं. ते नैसर्गिक की कृत्रिम? मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. किती वापरायचं, कुठे, किती वेळ, आणि नंतर मागे काय राहतं, हे विचारायला हवं.

सुगंधी तेलाचा गुण हा की ते उडून जातं, मागे फारसं राहत नाही. आणि दोषही तोच. उडून जातं म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, म्हणून महाग पडतं. शिवाय खोली बंद हवी.

हे सगळं लिहून झाल्यावर मी मैत्रिणीकडे पुन्हा गेले आणि काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अंगणाकडे हात केला. "इथे दार कुठे लावू?"

त्यांचं खरं होतं. मोकळ्या ढिगावर पुदिन्याचा उपयोग नाही, वारा सगळं घेऊन जाईल. पण बियाण्याचं तसं नाही. बियाणं थोडं असतं आणि खोलीत मावतं. त्याला थंडी चालते, कारण त्याचे वेफर्स करायचे नसतात. काकांनी आता ठरवलंय की बियाण्याची पोती ठेवण्याआधी त्या खोलीत पूर्वी काय होतं, कशाचं धुकं दिलं होतं, हे लिहून घ्यायचं. आणि पुदिन्याच्या तेलाबद्दल कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच एका छोट्या खोलीत करून बघायचं. मी त्यांना एवढंच बजावलं, की माझ्या वाट्यांवर भरवसा ठेवून काही करू नका.

पवित्र आठवड्यात बिशप जे तेल आशीर्वादित करतात, त्यात सुगंधी द्रव्य मिसळलेलं असतं. माझ्या भाच्याच्या स्नानसंस्काराच्या दिवशी त्याच्या कपाळाला तोच वास येत होता. आणि येशूचा देह कबरेत ठेवला तेव्हा सोबत गंधरस होता, तीही एक सुगंधी राळ. जन्माला सुगंध आणि मरणालाही सुगंध, हे मला आधी नुसतं सजावटीसारखं वाटायचं. आता कबरेतला तो मधला शनिवार आठवतो, ज्या दिवशी काहीच घडत नाही. थांबलेलं आणि संपलेलं बाहेरून सारखंच दिसतं.

तिसऱ्या वाटीतले ते चार दाणे मी कुंडीत लावले. आईने आज त्यांची पानं खुडून भाजीत टाकली. नीलगिरीचा वास अजिबात नव्हता.